आधी पैशाचं बोला

"सुरुवातीला पैशाकडे बघू नकोस." नाटक-सिनेमात किंवा आवाजाच्या धंद्यात पाऊल टाकू पाहणाऱ्या प्रत्येक पोराला आणि पोरीला हा उपदेश इतक्या तोंडून ऐकावा लागतो, की त्यावर शंका घेणंही उद्धटपणाचं वाटावं. एकांकिका स्पर्धेचे परीक्षक निकालाआधीच्या लांबलेल्या भाषणात तो देतात. नाट्यशिबिराच्या समारोपाला आलेले प्रमुख पाहुणे देतात. नाव झालेले नट मुलाखतीत देतात आणि सभागृह टाळ्या वाजवतं. ज्यांनी शेवटचं नाटक सासूबाईंच्या पासावर बघितलं होतं, ते शेजारचे काकासुद्धा देतात. आणि सर्वांत ठामपणे कोण देतो? ज्याच्या खिशातून ते पैसे जायचे असतात, तो. एवढ्यावरूनच आपण कान टवकारायला हवे होते.

या उपदेशाची पूर्ण पोथी अशी आहे. कला ही साधना, आणि साधकानं मोबदला मागू नये. पहिली काही वर्षं मिळेल ते काम मिळेल त्या अटीवर करावं. अनुभव हीच फी. नोकरी धरून बसणाऱ्याच्या पोटात आग नसते, तेव्हा आधी राजीनामा द्यावा, मुंबई गाठावी आणि वडापाववर दिवस काढावेत, कारण उपाशी राहिल्याशिवाय नट घडत नाही. आवाजाचं काम म्हणाल तर काय, देवानं दिलेला गळा आणि दोन मिनिटांचं वाचन! त्याचे कसले पैसे? तू नाही म्हणालास तर दाराबाहेर शंभर जण उभे आहेत. आणि 'हा पैशाचं विचारतो' असं एकदा नाव झालं की कारभार आटोपला. सगळे मोठे असेच मोठे झाले. तू कोण लागून गेलास?

मी डबिंगसाठी आणि जाहिरातींसाठी मराठी संहिता लिहितो, त्यामुळे ही पोथी मला रेकॉर्डिंगच्या काचेअलीकडे बसून नेमानं ऐकावी लागते. तिच्यातला एकेक श्लोक तपासून बघितला, तर एकही धड उभा राहत नाही.

सुरुवात 'सगळे मोठे असेच मोठे झाले' इथून करू, कारण बाकीचा डोलारा याच खांबावर आहे. कोण मोठे? डॉ. श्रीराम लागू? ते कान-नाक-घशाचे सर्जन होते. त्यांनी पुण्यात व्यवसाय केला, आफ्रिकेत जाऊन वैद्यकी केली, आणि पूर्णवेळ नट झाले ते १९६९ साली, वयाच्या बेचाळिशीत. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' रंगमंचावर आलं. तोवर इतकी वर्षं रुग्ण तपासणाऱ्या या माणसाच्या पोटात आग नव्हती, असं म्हणायची कुणाची छाती आहे? काशिनाथ घाणेकर दंतवैद्य होते. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात नोकरीला होते आणि संध्याकाळी नाटक करत होते. प्रशांत दामले बेस्टमध्ये होते. भक्ती बर्वे आकाशवाणीवर निवेदन करत, दूरदर्शनवर बातम्या देत. 'ती फुलराणी'तल्या त्या जिभेमागे माइकसमोर घालवलेले पगारी तास आहेत. निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करत होते. बोमन इराणी हॉटेलात वेटर होते, मग घरचं दुकान सांभाळत होते, मग फोटो काढत होते. २००३ साली 'मुन्नाभाई एमबीबीएस' आला तेव्हा त्यांची चाळिशी उलटून गेली होती.

आता सांगा, यातला नोकरीवर लाथ मारून, उपाशी राहून घडलेला कोण? आपल्या रंगभूमीचा इतिहास जरा डोळे उघडून वाचला, तर असं दिसेल की मराठी प्रायोगिक नाटक बँका, विमा कंपन्या, महाविद्यालयं आणि सरकारी कचेऱ्या यांच्या पगारावर उभं राहिलं. सहाला कचेरी सुटायची आणि पुढची तालीम रात्री शेवटच्या लोकलपर्यंत चालायची. महिन्याच्या महिन्याला घरात येणाऱ्या त्या पगारानं या माणसांना फार मोठी गोष्ट दिली होती: वाईट नाटकाला नाही म्हणायची ऐपत. ज्याला उद्याच्या जेवणाची भ्रांत आहे, तो कसली निवड करणार? समोर येईल तो टुकार संवाद बोलेल आणि वर आभार मानेल. गरजवंताला अक्कल नसते असं आपणच म्हणतो, आणि मग नव्या कलाकाराला पद्धतशीरपणे गरजवंत करून सोडतो.

यावर हटकून उत्तर येतं, "अहो, पण छबिलदासच्या काळात आम्हीसुद्धा फुकटच केलं." केलंत ना. जरूर केलंत. पण सत्तरच्या दशकात दादरच्या त्या शाळेतल्या हॉलमध्ये दुसरं कोण पैसे कमवत होतं? दिग्दर्शक फुकट, नेपथ्यवाला फुकट, लेखक फुकट, आणि खुर्च्या मांडायला तेच हात. तोट्यात सगळे सारखे भागीदार होते. अशा ठिकाणी आजही कुणी जीव ओतून बिनपैशानं काम करत असेल, तर त्याला माझा नमस्कार आहे. तेवढं मी मान्य करतो आणि त्यापुढे तसूभरही सरकत नाही. कारण छबिलदासची आठवण आज काढली जाते ती कुठे? वेब मालिकेच्या सेटवर, कंपनीच्या जाहिरातपटाच्या बैठकीत, मोबाइल अ‍ॅपसाठी गोष्टींची पुस्तकं वाचून घेताना. जिथं निर्माता नफ्यासाठी बसलाय आणि बाकी सगळ्यांची बिलं निघतात, तिथं एकट्या नटानंच प्रायोगिक का व्हायचं?

सेटवर एक चक्कर मारून या. कॅमेरा भाड्याचा आहे, त्याचं भाडं दिवसावर मोजलं जातं. लाइटवाले शिफ्टवर आहेत, शिफ्ट लांबली तर जादा पैसे. जनरेटरवाला डिझेलचे पैसे आधी घेतो. बंगल्याच्या मालकानं अनामत घेतल्याशिवाय फाटक उघडलेलं नसतं. स्पॉटदादाचा चहासुद्धा हिशेबात आहे. "आमचा पहिलाच प्रोजेक्ट आहे, यावेळी सांभाळून घ्या, तुमच्या जनरेटरला चांगलं एक्स्पोजर मिळेल," असं जनरेटरवाल्याला सांगून बघा. तो वायर गुंडाळून टेम्पोत टाकेल आणि निघून जाईल, आणि त्याच्या साधनेत खोट आहे असं कुणीही म्हणणार नाही. बजेट संपतं ते नेमकं कास्टिंगच्या रकान्यापाशी, आणि त्यातही नव्या चेहऱ्यांच्या ओळीवर. मालिकांत पैसे ठरतात, पण तेही नव्वद दिवसांनी द्यायची रीत पडून गेली आहे. म्हणजे श्रीमंत वाहिनीला बिनव्याजी उधार देणारा कोण, तर अंधेरीत कॉटबेसिसवर राहणारा पोरगा.

पूर्वीच्या लोकांना हे असलं अध्यात्म माहीत नव्हतं. संगीत नाटकांच्या काळात एखाद्या नाटक मंडळीत उमेदवारीला लागलेल्या पोराला निदान कंपनीच्या बिऱ्हाडात राहायला मिळे, पंगतीत जेवायला मिळे आणि गायन-अभिनयाची तालीम मिळे. त्या कंपन्यांचे हाल, कर्जं, भांडणं सगळं खरं. पण पोराला उपाशी ठेवून त्याला संधी म्हणायची कल्पकता त्यांच्याजवळ नव्हती. तमाशाचा फड बघा. नारायणगावला राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन सुपाऱ्या देतात, आणि कलावंत हंगामाआधी उचल घेतात. उचलीत पिळवणूकही आहे, ते कर्ज कसं मानगुटीवर बसतं तेही सगळ्यांना ठाऊक आहे. तरीसुद्धा आधी व्यवहार आणि मग ढोलकी, हा क्रम तिथं कुणी चुकवत नाही. व्यावसायिक नाटकात आजही प्रयोगाची 'नाईट', म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, ठरलेली असते आणि प्रयोग संपला की पाकीट हातात पडतं. आकाशवाणीसारखं सरकारी खातंसुद्धा स्वरचाचणीत पास झालेल्या नाट्यकलाकाराला श्रेणी देतं, श्रेणीप्रमाणे मानधन देतं आणि कागदावर करार करतं. नवा आहेस म्हणून यावेळी बिनपैशाचं कर, असं ते म्हणत नाही. म्हणजे फड, कंपनी, नाटक, रेडिओ या सगळ्यांना जे कळलं, ते फक्त काचेच्या ऑफिसात बसून कॉफी पिणाऱ्यांना कळू नये?

मग पुढे येतं नवाजुद्दीनचं नाव. हे अस्त्र फार लाडकं आहे. "नवाजुद्दीननं किती वर्षं स्ट्रगल केला बघ!" बघितलं. नवाजुद्दीन सिद्दीकी राष्ट्रीय नाट्यविद्यालयातून १९९६ साली शिकून बाहेर पडले. १९९९ च्या 'सरफरोश'मध्ये एका छोट्या प्रसंगात दिसले, 'मुन्नाभाई'त पाकीटमार म्हणून मार खाऊन गेले, आणि 'गँग्ज ऑफ वासेपूर' आला २०१२ साली. या मधल्या वर्षांवर आपण व्याख्यानं देतो. पण ती वर्षं सिद्ध काय करतात? नाट्यविद्यालयात तयार झालेला नट समोर उभा असताना हिंदी सिनेमाला तो दिसला नाही. ही त्या उद्योगाच्या नजरेची गोष्ट आहे. त्याच्या आंधळेपणाची शिक्षा एका माणसानं भोगली आणि आपण तिचाच अभ्यासक्रम करून पोरांना लावतो? त्या काळात त्यांना धड भूमिका आणि धड पैसे मिळाले असते, तर 'वासेपूर'मधला फैजल वाईट झाला असता का? आणि त्याच काळात वर्सोव्याच्या आरामनगरातल्या गल्ल्यांतून 'नॉट फिट' ऐकत फिरलेले, तितकेच शिकलेले, तितकेच उपाशी राहिलेले बाकीचे कुठे आहेत? त्यांना कुणी मुलाखतीला बोलावत नाही, म्हणून भुकेची फलश्रुती आपल्याला नेहमी यशस्वी माणसाच्या तोंडूनच ऐकायला मिळते.

आता आवाजाकडे येतो, कारण इथं माझं रोजचं बसणं आहे. 'देवाची देणगी' हा शब्दप्रयोग ज्यानं पहिल्यांदा आवाजाला लावला, त्यानं या धंद्याचं अपरिमित नुकसान करून ठेवलं आहे. देणगी म्हटली की मेहनत पुसली जाते, आणि मेहनत पुसली की बिल पुसता येतं. 'बाहुबली'च्या हिंदी आवृत्तीत प्रभासला शरद केळकर यांनी आवाज दिला. तो आवाज ऐकून माणसं थिएटरात शिट्ट्या मारत होती. हेच केळकर लहानपणी बोलताना अडखळत असत, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. आता ही कोणाची देणगी? तोतरेपणावर मात करून पडद्यावरच्या परक्या ओठांवर आपला श्वास बसवायला शिकणं, याला मराठीत कष्ट म्हणतात.

आणि 'दोन मिनिटांचं काम'? एका दुपारचं सांगतो. वीस सेकंदांची जाहिरात, मूळ हिंदी, मराठीत फिरवलेली. आवाज द्यायला आलेली मुलगी नवी होती. संहितेत 'चार' आणि 'चारा' असे दोन वेगळे च एकाच वाक्यात मी घालून ठेवलेले. पडद्यावर बाईचे ओठ जिथं मिटतात, तिथं प, ब, म यांपैकी काहीतरी पडलंच पाहिजे, नाहीतर बाई एक बोलते आणि आवाज दुसरा येतो. 'भ' आणि 'फ' आले की माइकवर हवेचा झोत आदळतो, म्हणून मान किंचित वळवून बोलायचं, पण सूर वळू द्यायचा नाही. मालाचं नाव यायच्या आधी श्वास चोरून घ्यायचा, कारण श्वास ऐकू आला तर टेक बाद. दुसऱ्या शहरातून व्हिडिओ कॉलवर क्लायंट ऐकत बसलेला. त्याला मराठी येत नव्हतं, मतं मात्र भरपूर होती. थोडं हसू आणा. जास्त झालं. आईसारखं हवं, पण तरुण. ऊब हवी, पण एनर्जी कमी नको. मग एक सेफ्टी, म्हणजे हाताशी असावा म्हणून जादा टेक. मग सेफ्टीचीही सेफ्टी. मग त्याच जाहिरातीची दहा सेकंदांची आवृत्ती, मग रेडिओसाठी वेगळी. ती मुलगी दर वेळी पाण्याचा घोट घेऊन पुन्हा माइकसमोर उभी राहिली आणि प्रत्येक वेळी त्याच जागी तोच सूर लावत गेली. बाहेर पडली तेव्हा अंधारलं होतं.

माझं बिल निघालं. रेकॉर्डिस्टचं निघालं. स्टुडिओचं भाडं तासावर मोजून दिलं गेलं. तिला सांगितलं, "हे पहिलं आहे ना, एक्स्पोजर समज, पुढच्या वेळी बघू." एक्स्पोजर? जाहिरातीच्या शेवटी 'आवाज अमुक तमुक' अशी पाटी आलेली या महाराष्ट्रात कुणी पाहिली आहे? ज्या कामात नावच जात नाही, त्या कामात नाव होणार कसं? बरं, पुढच्या वेळी याच माणसाला आवाज लागेल तेव्हा तो कुणाला बोलावेल? ज्या मुलीनं फुकट केलं तिला फुकटाच्याच कामाला, आणि बजेट असेल तेव्हा जिचा दर त्याला आधीपासून माहीत आहे तिला. फुकट काम केल्यानं दर हळूहळू वाढत जातो असं मानणाऱ्यांनी हे गणित एकदा मांडून दाखवावं. शून्याला कितीनंही गुणलं तरी काय येतं, ते शाळेत शिकवलेलं आहे.

"पण बाहेर शंभर जण उभे आहेत!" असतील. मग या शंभरातून तिलाच का बोलावलंत? कोणीही चाललं असतं, तर ऑडिशन कशाला घेतली, दहा टेक कशाला मागितले? आणि त्या शंभरांत बिनपैशानं टिकून राहू शकणारे कोण असतात, हे कधी बघितलंय? ज्याच्या वडिलांचा पार्ल्यात किंवा दादरला फ्लॅट आहे, तो दोन काय, पाच वर्षं एक्स्पोजर खाऊन जगेल. परभणीहून किंवा चंद्रपुराहून आलेली मुलगी खोलीची अनामत, लोकलचा पास आणि मेसचे पैसे भरून किती महिने टिकेल? म्हणजे तुमची ही चाळण गुणाची नाहीच. तिच्यातून गाळला जातो तो गरीब, आणि उरतो त्याला तुम्ही गुणवान म्हणता.

या चाळणीचा परिणाम आपल्या कानांना रोज भोगावा लागतो. वाहिन्यांवरचं 'ग्रामीण' मराठी ऐका. वऱ्हाड, खानदेश, मराठवाडा, कोल्हापूर, सगळ्यांची एकच मिसळ. कुठंही लावा, चालते. कारण ती बोलणारी मंडळी बहुधा त्या गावची नसतात, आणि जी आहेत ती नव्वद दिवसांच्या पेमेंटची वाट बघून परतीच्या गाडीत बसलेली असतात. २०१६ साली 'सैराट' आला तेव्हा अकलूजची रिंकू राजगुरू आपल्या स्वतःच्या बोलीत कडाडली आणि उभा महाराष्ट्र वेडा झाला. त्या बोलीचं तेव्हा एवढं अप्रूप का वाटलं? कारण ती अस्सल ऐकायची सवयच आपल्याला राहिली नव्हती. अशा किती पोरी पहिल्याच फुकटच्या वर्षात घरी गेल्या असतील, याचा जाब फुकटाचं तत्त्वज्ञान सांगणाऱ्यांनी द्यावा.

फुकटाच्या पुढची पायरीही आता राजरोस झाली आहे: काम मिळवण्यासाठी पैसे भरायचे. नावनोंदणीची फी. 'आर्टिस्ट कार्ड'ची फी. अमुकच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ, तमुकच ठिकाणी ग्रूमिंग. मोठ्या बॅनरची मालिका, तुमची निवड जवळजवळ झालीच आहे, फक्त अनामत भरा, शूटिंगनंतर परत मिळेल. यात फसणाऱ्या पोरांना आपण मूर्ख म्हणतो. का? ज्याला पहिल्या दिवसापासून 'इथं द्यायचं असतं, मागायचं नसतं' हेच शिकवलंय, त्यानं दिलं तर त्याचं काय चुकलं? जो खरा कास्टिंग डिरेक्टर असतो, त्याला निर्माता पैसे देतो; ऑडिशनला आलेल्याकडून त्यानं एक रुपया घ्यायचं कारण नाही. कलाकारांच्या संघटना हे पुन्हा पुन्हा ओरडून सांगतात. पण साधनेच्या नामघोषात ते ऐकू कुणाला जाणार? खिसेकापूला वाट करून दिली ती आपल्या थोरामोठ्यांच्या भाषणांनी.

आणि आता तर फुकटाला नवीनच धार चढली आहे. "फक्त नमुना पाठव" या सबबीखाली पूर्ण संहिता वाचून घेतली जाते आणि काम दुसऱ्याला गेलं असं सांगितलं जातं. स्क्रॅच, म्हणजे तात्पुरता, म्हणून घेतलेला आवाज अंतिम प्रतीत तसाच जातो. ही चोरी जुनी झाली. नवी चोरी अशी की तासन्‌तास स्वच्छ रेकॉर्ड केलेला आवाज हा यंत्राला शिकवायचा कच्चा माल आहे. एकदा दिला की तुमच्याच गळ्यातून उद्या हवं ते वदवून घेता येतं, तुम्हाला न बोलावता. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांच्या आवाजाची अशी नक्कल करण्याला अंतरिम आदेशानं मनाई केली. उत्तम झालं. पण ते अरिजित सिंग होते. त्यांचा आवाज ओळखणारे कोट्यवधी लोक होते आणि न्यायालयात जाण्याची ऐपत होती. नव्या पोराचा आवाज चोरीला गेला, तर तो त्याचा आहे हे ओळखणार कोण? कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, सादरकर्त्याचे हक्क अधिक स्पष्ट झाले. त्या हक्कांचं काय होतं? 'सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, आज अस्तित्वात असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सर्व तंत्रांसाठी' असा मजकूर असलेला कागद पुढे सरकवला जातो, आणि 'आता सही करायला एवढा काय विचार करतोस' म्हणत पेन हातात दिलं जातं. हे सगळं बहुतेक वेळा फुकट कामासाठी! पैसे न देणाऱ्याला जन्मभराचे हक्क मात्र हवे असतात. असली सौदेबाजी एखाद्या सावकारालाही सुचली नसती.

उरला शेवटचा बागुलबुवा. 'पैशाचं विचारलंस तर नाव खराब होईल.' कोणापाशी? जो पैसे देतच नाही, त्याच्यापाशी. होऊ दे खराब! अशा माणसाच्या यादीतून नाव निघणं हा तोटा कसा? माझ्या बघण्यात उलटंच आहे. जी मुलं काम घेताना किती पैसे, कधी मिळणार, आवाज कुठं कुठं वापरणार हे तीन प्रश्न विचारतात, तीच बहुधा वेळेवर येतात, संहिता वाचून येतात आणि 'जमत नाही' हेसुद्धा आदल्या दिवशी कळवतात. ज्याला आपल्या कामाची किंमत माहीत आहे, तो दुसऱ्याच्या वेळेचीही ठेवतो. सेटवर उशिरा येणाऱ्या, संवाद पाठ न करणाऱ्या नटांबद्दल गळे काढणाऱ्या निर्मात्यांनी आधी आपण कोणाला, किती दिलं होतं ते आठवावं.

म्हणून या धंद्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांनो, पोथी मिटवा. नोकरी असेल तर ती टिकवा आणि तिची लाज बाळगू नका. लागूंनी बाळगली नाही, पालेकरांनी बाळगली नाही, निळूभाऊंनी तर मुळीच नाही. शिकायचं असेल तर शिकण्याच्या ठिकाणी जा: नाट्यविद्यालयात, किंवा स्पर्धेच्या तालमीत आणि प्रायोगिक संस्थेत, जिथं सगळेच बिनपैशाचे आहेत. पण जिथं एकाही माणसाला पैसे मिळत असतील, तिथं तुम्हालाही मिळालेच पाहिजेत. रक्कम लहान असू दे. शून्य असता कामा नये. ठरलेलं लिहून घ्या, साध्या मेसेजवर का होईना. नमुना म्हणून चार ओळी द्या, अख्खी संहिता देऊ नका. कायमस्वरूपीच्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका, आणि वाचायला वेळ देत नसतील तर मुळीच करू नका. काम देण्यासाठी पैसे मागणाऱ्याला तिथल्या तिथं नमस्कार करून बाहेर या. आणि फुकटाला 'नाही' म्हणताना आवाज खाली घेऊ नका. तुमचा मोबदला तुम्हीच गिळलात, तर तुमच्यानंतर येणाऱ्या पोरीलाही तुमचं उदाहरण देऊन तोच घास गिळायला लावतील.

आणि उपदेश करणाऱ्यांना एवढंच सांगतो. साधनेवर तुमचा इतका विश्वास असेल, तर पुढच्या समारंभाचं मानधन परत करा, पुढच्या मालिकेचा चेक फाडून टाका, पुढची जाहिरात एक्स्पोजरसाठी करा, आणि मग व्यासपीठावर चढून पोरांना त्याग शिकवा. ते जमत नसेल, तर नव्या कलाकाराच्या ताटाकडे बोट दाखवणं बंद करा. काम करून घेतलंत ना? मग पैसे द्या. पूर्ण द्या, वेळेवर द्या, आणि देताना उपकार केल्याचा आव आणू नका.